पूररेषा घाटावर आखताना: लिनक्सवरचं कंपोझिटिंग आणि मास्किंग सॉफ्टवेअर मी कसं निवडलं

गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं हे पेपरात छापून येतं. नाशिककर मात्र एकमेकांना विचारतात, "दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं?" गोदावरीच्या पात्रात उभ्या असलेल्या या मूर्तीचा गुडघा, कंबर, छाती, गळा अशी ही मोजपट्टी. त्यापुढची खूण म्हणजे नारोशंकराच्या देवळाची घंटा, आणि गावाच्या बाजूला सराफ बाजारातल्या सरकारवाड्याच्या पायऱ्या. मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. पूररेषेचा धडा या खुणा सोडून शिकवावा असं मला कधीच वाटलं नाही.

नदीकाठच्या नकाशावर दोन रेषा असतात. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. मुलं हे पाठ करतात आणि 'शंभर वर्षांतून एकदा' म्हणजे 'आपल्या हयातीत नाही' असा अर्थ लावतात. त्याचा खरा अर्थ दर वर्षी एक टक्का शक्यता. निळ्या रेषेसाठी दर वर्षी चार टक्के. हिशेब मांडला तर साठ वर्षांच्या आयुष्यात शंभर वर्षांचा पूर एकदा तरी बघायला मिळण्याची शक्यता सुमारे ४५ टक्के निघते. १९६९, २००८ आणि २०१६ ही वर्षं गोदाकाठच्या घरांत आजही तोंडपाठ आहेत. नकाशावरची ही रेषा प्रत्यक्ष घाटावर कुठून जाते, कोणत्या दुकानाच्या फळीवरून, कोणत्या ओट्यावरून, हे मुलांनी डोळ्यांनी बघावं म्हणून मी एक छोटा माहितीपट करायला घेतला. कंपोझिटिंगच्या, म्हणजे वेगवेगळी चित्रं एकमेकांवर बसवून एकच दृश्य करण्याच्या सॉफ्टवेअरचा शोध तिथून सुरू झाला.

मला नेमकं काय हवं होतं ते आधी सांगते, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच झाले. घाटाचं आजचं चित्रण, आणि त्यातल्या भिंतींवर, पायऱ्यांवर, मारुतीच्या मूर्तीवर ठरलेल्या उंचीला निळी आणि लाल रेषा. रेषा व्हिडिओवर चिकटवलेली दिसली तर मुलांना ती नकाशासारखीच परकी वाटणार. ती भिंतीवर रंगवल्यासारखी दिसायला हवी. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. कॅमेरा हलला की रेषेने दगडाबरोबर हलायचं, आणि समोरून माणूस गेला की त्याने रेषा झाकायची. रामकुंडाच्या परिसरात माणूस समोरून जात नाही असा क्षण नसतो. फुलंवाले, दशक्रियेला आलेली कुटुंबं, शाळेची मुलं, गाई. या प्रत्येकाच्या आकाराचा मास्क करायचा, म्हणजे रांगोळीच्या छाप्यासारखी एक जाळी, जिच्यातून रंग कुठे पडावा आणि कुठे नाही हे ठरतं. फरक इतकाच की हा छापा दर सेकंदाला पंचवीस वेळा बदलतो.

तिसरा भाग निवेदनाचा. आमच्या शेजारचे काका १९६९ च्या पुराच्या वेळी सराफ बाजारात नोकरीला होते. त्यांना घाटावर उभं करून तासभर बोलतं ठेवणं त्यांच्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. म्हणून त्यांचं चित्रण घरी, हिरव्या कापडासमोर करायचं आणि मागे घाट बसवायचा असं ठरलं.

लिनक्स का, हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारला. कॉलेजच्या संगणक कक्षात उबुंटू हे फुकट मिळणारं लिनक्स आहे, माझ्या घरीही तेच. मला नुसता तयार व्हिडिओ नको होता. मुलांनी मूळ फाइल उघडावी, रेषेची उंची बदलून बघावी, आपल्या गावच्या नदीसाठी तसंच करून बघावं, ही माझी इच्छा. दरमहा पैसे भरावे लागणारं सॉफ्टवेअर तिथेच बाद झालं. माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांचा सिडकोत लग्नाच्या व्हिडिओंचा व्यवसाय आहे. तो म्हणाला, "मॅडम, आफ्टर इफेक्ट्समध्ये रोटो ब्रश आहे, अर्ध्या तासात होईल." रोटो ब्रश म्हणजे माणसाची कड अर्धीअधिक स्वतः शोधणारं साधन. असेलही. पण अडोबी ते लिनक्ससाठी काढतच नाही, आणि मला कक्षातल्या सगळ्या यंत्रांवर चालेल असं काही हवं होतं. माझं यंत्र मध्यम कुवतीचं: १६ जीबी रॅम आणि ६ जीबीचं एनव्हिडिया कार्ड. कक्षातली यंत्रं त्याहून साधी.

सॉफ्टवेअर बघण्याआधी फूटेजची तयारी करावी लागली, आणि हे काम मी प्रत्येकाला आधी करायला सांगेन. मोबाइलचा कॅमेरा सेकंदाला ठरावीक फ्रेम घेत नाही. उजेड कमी झाला की गती थोडी खाली-वर होते. बघताना ते कळत नाही. पण मास्क फ्रेमच्या क्रमांकाला बांधलेला असतो, त्यामुळे एका प्रोग्राममध्ये नीट बसलेला मास्क दुसऱ्यात उघडल्यावर माणसाच्या पुढे-मागे सरकतो. एफएफएमपेग हे व्हिडिओचं रूपांतर करणारं साधन वापरून सगळे क्लिप ठाम २५ फ्रेमवर आणून घेतले, आणि कंपोझिटिंगला लागणारे तुकडे तेवढे पीएनजी चित्रांच्या मालिकेत फोडले. आठ सेकंदांचा शॉट म्हणजे २०० चित्रं. डिस्कवर जागा जाते खरी, पण वीज गेली तरी रेंडर, म्हणजे तयार चित्रं काढण्याचं काम, अडलेल्या फ्रेमपासून पुढे सुरू करता येतं, आणि ही चित्रं कुठल्याही प्रोग्राममध्ये एकसारखी उघडतात. पाच-सहा सॉफ्टवेअरची एकाच शॉटवर तुलना करायची तर दुसरा मार्ग नाही.

तुलनेसाठी मी सर्वांत अवघड शॉट निवडला. घाटाच्या पायऱ्यांवरून हातात कॅमेरा धरून चालत नारोशंकराच्या देवळाकडे जाणारा, मध्ये डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई आडवी जाते असा. सोप्या शॉटवर सगळीच सॉफ्टवेअर चांगली दिसतात. वैशिष्ट्यांच्या याद्या वाचून मला काहीच कळलं नव्हतं. या एका शॉटने सगळं सांगितलं.

सुरुवात केडेनलाइव्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरपासून केली, कारण संकलन त्यातच करणार होते. टाइमलाइन हाताला सोपी आहे, आणि त्यात रोटोस्कोपिंग नावाचा इफेक्ट आहे: चित्रावर बिंदू देत आकृती काढायची, काही फ्रेमनंतर बिंदू सरकवायचे, मधल्या फ्रेम तो स्वतः भरतो. स्थिर कॅमेऱ्यातल्या मारुतीच्या मूर्तीसाठी हे पुरेसं आहे. मूर्ती हलत नाही, एकदा कड आखली की झालं. टोपलीवाल्या बाईसाठी मात्र ते अपुरं पडलं. एका इफेक्टमध्ये एकच आकृती, म्हणून डोकं, टोपली, हात, पदर यांसाठी इफेक्टवर इफेक्ट रचत जावं लागतं. चित्रातल्या बिंदूच्या हालचालीचा माग ठेवणारा मोशन ट्रॅकर आहे, पण त्याची हालचाल मला हवी तशी मास्कला बांधता आली नाही.

२०२५ च्या एप्रिलच्या आवृत्तीपासून केडेनलाइव्हमध्ये आणखी एक साधन आलं आहे. मेटाच्या सॅम-२ या मॉडेलवर चालणारं. माणसावर एक-दोन ठिकाणी टिचकी मारायची की ते स्वतः कड शोधतं आणि पुढच्या फ्रेमांमध्ये तिचा माग ठेवतं. त्यासाठी वेगळं मोठं डाउनलोड लागतं आणि ग्राफिक्स कार्ड असेल तरच वेग बरा. लांबून दिसणारी माणसं त्याने इतकी सुरेख वेगळी काढली की मी बघत राहिले. गर्दीत पाठमोऱ्या उभ्या माणसांसाठी मी तेच वापरलं: मास्क लावलेला क्लिप पारदर्शक पीएनजी मालिकेत काढून घेतला. पण जवळच्या माणसाचा पदर, टोपलीबाहेर लोंबणारे झेंडूचे हार, ओल्या पायरीवरचे पाय, इथे कड फ्रेमागणिक थरथरते. अशा थरथरीवर प्रेक्षकाचं लक्ष लगेच जातं. जवळच्या माणसांची कड हाताने काढण्याला अजून पर्याय नाही, हे माझं ठाम मत आहे.

मग नाट्रॉन. फ्रान्सच्या इन्रिया या संशोधन संस्थेत सुरू झालेलं, मुक्त स्रोत, पूर्णपणे नोडवर चालणारं. नोडची पद्धत सुरुवातीला अनोळखी वाटते, कारण आपण एकावर एक थर ठेवायला सरावलेले असतो. इथे प्रत्येक क्रिया म्हणजे एक चौकट, आणि चौकटी तारांनी जोडलेल्या. एका चौकटीतून फूटेज येतं, दुसरीत मास्क, तिसरीत रेषा, चौथीत सगळ्यांचं मीलन. वर्गात शिकवायला मला हे फार आवडलं. फळ्यावर काढावी तशी सगळी आकृती डोळ्यांसमोर असते, कुठून काय येतं ते बोट ठेवून दाखवता येतं. थरांच्या पद्धतीत अर्धी माहिती कुठल्यातरी उपयादीत लपलेली असते.

नाट्रॉनचा रोटो (रोटोस्कोपिंगचा) नोड मला सगळ्यांत नीट वाटला. एकाच नोडमध्ये हव्या तितक्या आकृत्या, प्रत्येक बिंदूला वेगळी फेदर, म्हणजे कड किती मऊ ठेवायची ते जागेनुसार ठरवता येतं. चालणाऱ्या माणसाचा खांदा स्पष्ट असतो, हलणारा हात धूसर. एकच मऊपणा सगळीकडे लावला तर मास्क लगेच कात्रीने कापल्यासारखा दिसतो. रोटो करण्याची रीतही मी इथेच शिकले. सगळ्या माणसाभोवती एक मोठी आकृती काढायची नाही. डोकं, धड, दंड, हात, मांडी, पोटरी अशा वेगवेगळ्या आकृत्या काढायच्या, प्रत्येकीत बिंदू जमतील तितके कमी. आधी हालचालीची टोकं पकडायची, पाऊल सर्वांत पुढे आणि सर्वांत मागे असतानाच्या फ्रेम. मग त्यांच्या मधली फ्रेम, मग त्याही मधली. पहिल्या फ्रेमपासून ओळीने एकेक करत गेलं की कड डुगडुगते, आणि कामही दुप्पट होतं.

तरीही त्या शॉटवर नाट्रॉन थांबलं, आणि कारण स्पष्ट होतं. ते सपाट प्रतलात काम करतं, त्यात थ्रीडी अवकाश नाही. देवळाच्या एका सपाट भिंतीवर रेषा चार बिंदूंच्या ट्रॅकने छान बसली. पण माझी पूररेषा एका भिंतीवर थांबत नाही. ती भिंतीवरून ओट्यावर उतरते, पायऱ्यांवरून वळते, पुढच्या खांबाला वळसा घालते. कॅमेरा चालत पुढे जातो तेव्हा जवळची पायरी भरभर सरकते आणि लांबची भिंत सावकाश. एकच सपाट ट्रॅक दोन्हींना लागू होत नाही. पाण्याची पातळी ही मुळात आडवी, सपाट पातळी आहे, आणि घाटाचा प्रत्येक कोपरा तिला कुठे भेटतो तिथे रेषा उमटते. हे सॉफ्टवेअरला कळायला हवं असेल तर त्याला घाटाची खोली कळायला हवी. याशिवाय नाट्रॉनचा विकास मोजक्या स्वयंसेवकांवर चालतो आणि नव्या आवृत्त्या सावकाश येतात. माझं काम त्याने अडलं नाही, पण कॉलेजमध्ये पुढची काही वर्षं शिकवायचं तर तोही विचार करावा लागतो.

दाविंची रिझॉल्व्हबद्दल विद्यार्थ्याच्या वडिलांनी भरभरून सांगितलं होतं. त्यात फ्यूजन हे कंपोझिटिंगचं पूर्ण सॉफ्टवेअर २०१८ च्या पंधराव्या आवृत्तीपासून एक पान म्हणून येतं, आणि फुकट आवृत्तीतही ते बऱ्यापैकी खुलं आहे. रंगाचं काम तर त्यात अप्रतिम होतं. लिनक्सवर मात्र त्याच्या अटी आहेत. अधिकृत आधार रॉकी लिनक्सला आहे, उबुंटूवर बसवायला वेगळी खटपट करावी लागते. मी घेतली त्या फुकट आवृत्तीत लिनक्सवर एच.२६४ या पद्धतीने दाबून साठवलेले व्हिडिओ उघडत नाहीत, आणि मोबाइलचे सगळे व्हिडिओ त्याच प्रकारचे किंवा एच.२६५ चे असतात. उपाय आहे: एफएफएमपेगने डीएनएक्सएचआर या संकलनासाठीच्या मोठ्या स्वरूपात बदलून घ्यायचं. पण त्यात एका मिनिटाचं चित्रण सव्वा-दीड जीबी होतं. माणूस आपोआप वेगळा काढणारं मॅजिक मास्क हे साधन विकतच्या स्टुडिओ आवृत्तीतच आहे. आणि साध्या ग्राफिक्सच्या यंत्रांवर ते चालवणं शक्य नव्हतं, म्हणजे संगणक कक्ष बाद. ज्याच्याकडे एक दणकट यंत्र आहे आणि एकट्यानेच काम करायचं आहे, त्याला मी रिझॉल्व्ह नक्की सुचवेन.

न्यूकही बघितलं. चित्रपटसृष्टीत कंपोझिटिंगसाठी सर्वांत जास्त वापरलं जाणारं हे सॉफ्टवेअर. डिजिटल डोमेन या अमेरिकी स्टुडिओत १९९३ मध्ये जन्मलं, २००७ पासून फाउंड्रीकडे. लिनक्सवर ते अगदी घरचं आहे. त्याची बिगर-व्यावसायिक आवृत्ती फुकट मिळते, पण १९२० बाय १०८० च्या वर चित्र काढता येत नाही आणि प्रकल्पाची फाइल सांकेतिक स्वरूपात जपली जाते, विकतच्या आवृत्तीत उघडत नाही. ज्या विद्यार्थ्याला पुढे याच क्षेत्रात नोकरी करायची आहे त्याने त्यावर हात बसवावा. मला उघडी फाइल हवी होती.

ब्लेंडर मी शेवटी घेतलं. थ्रीडी बनवायचं सॉफ्टवेअर अशी त्याची ओळख डोक्यात पक्की होती, व्हिडिओच्या मास्कसाठी ते कोण वापरेल असं वाटायचं. पण ब्लेंडर फाउंडेशनने २०१२ मध्ये खऱ्या माणसांचं चित्रण आणि थ्रीडी यांची सांगड घालणारा एक लघुपट केला, आणि त्या कामाच्या गरजेतून कॅमेरा ट्रॅकिंग, मास्क संपादक आणि हिरवा पडदा काढणारा नोड ब्लेंडरमध्ये तयार झाले. त्याच वर्षीच्या २.६४ आवृत्तीत मास्क संपादक आला. प्रत्यक्ष शॉट करणाऱ्यांनी शॉटसाठी घडवलेली साधनं आहेत, हे वापरताना कळतं.

चालत्या शॉटसाठी आधी ट्रॅकिंग. पाण्याच्या चमकत्या पृष्ठावर बिंदू देऊन उपयोग नाही, ते क्षणात विरतात. पायरीचे कोपरे, दगडातली भेग, देवळाच्या कळसाची टोकं, भिंतीवरच्या रंगाचे डाग असे बिंदू निवडले. कॅमेऱ्याची हालचाल सोडवायला निदान आठ बिंदू एकाच वेळी दिसत राहावे लागतात, आणि ते जवळ-लांब पसरलेले असावे लागतात. माणूस बिंदूवरून गेला की तो बिंदू तेवढ्यापुरता थांबवायचा आणि नंतर पुन्हा सुरू करायचा. गणित सुटल्यावर ब्लेंडर चूक पिक्सेलमध्ये सांगतं. ती अर्ध्या पिक्सेलच्या आत आली तेव्हा मी पुढे गेले.

यानंतरच्या पायरीने माझा निर्णय पक्का केला. ब्लेंडरमध्ये दोन बिंदू निवडून त्यांच्यातलं खरं अंतर सांगता येतं. मी घाटावर जाऊन त्याच पायरीची लांबी टेपने मोजून आणली होती. ती संख्या दिली आणि अख्खा शॉट मीटरमध्ये मोजला जाऊ लागला. आता पायरीपासून अमुक मीटर उंचीवर एक आडवी पातळी ठेवायची, भिंती आणि पायऱ्या साध्या चौकोनांनी उभ्या करायच्या, आणि ती पातळी त्यांना जिथे छेदते तिथे निळा रंग. रेषा आपोआप ओट्यावरून वळली, खांबाला वळसा घातला, आणि कॅमेरा पुढे गेला तशी प्रत्येक ठिकाणी आपापल्या गतीने सरकली. उंचीचा आकडा बदलला की रेषा वर चढते. मुलांच्या हातात द्यायची गोष्ट हीच होती.

टोपलीवाल्या बाईचा मास्क ब्लेंडरच्या मास्क संपादकात केला. बिंदूगणिक फेदर इथेही आहे, आणि मास्कची आकृती ट्रॅकला बांधता येते: टोपलीवर एक ट्रॅक दिला, टोपलीची आकृती त्याच्याबरोबर आपोआप चालली, मला फक्त कड सुधारावी लागली. रोटोच्या कामात हाताची सफाई नाट्रॉनमध्ये जास्त येते हे मी आजही म्हणेन. पण ट्रॅक, मास्क, थ्रीडी आणि नोड एकाच फाइलीत असणं ही मोठी सोय आहे. एका ठिकाणी फ्रेम वाढवली की सगळीकडे वाढते.

नव्याने येणाऱ्यांसाठी एक सेटिंग मुद्दाम सांगते, कारण ते कुठे लिहिलेलं सहज सापडत नाही. ब्लेंडर मूळात थ्रीडी दृश्यांसाठी रंगांवर एक रूपांतर लावतं. आधी फिल्मिक, चौथ्या आवृत्तीपासून एजीएक्स. मोबाइलच्या चित्रणावर ते लागलं की घाटाचा काळा दगड फिका आणि पाणी राखाडी दिसायला लागतं. कलर मॅनेजमेंटमध्ये व्ह्यू ट्रान्सफॉर्म 'स्टँडर्ड' करायचं, मग आत जाणारे आणि बाहेर येणारे रंग जुळतात.

दुसरी गोष्ट, कडेभोवती दिसणारी बारीक काळी किनार. पारदर्शकतेसाठी चित्रात लाल, हिरवा, निळा यांच्या जोडीला अल्फा नावाचा चौथा थर असतो. थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ मध्ये एका चित्रावर दुसरं कसं चढवायचं याचं गणित मांडलं, त्यात रंग आधीच अल्फाने गुणून ठेवायची पद्धत आहे. काही प्रोग्राम गुणलेलं चित्र देतात, काही न गुणलेलं. केडेनलाइव्हमधून आणलेल्या माणसांभोवती किनार दिसली तेव्हा ब्लेंडरच्या अल्फा ओव्हर नोडमधला प्रीमल्टिप्लायचा पर्याय बदलून बघितला आणि ती गेली. कडा पुसत बसण्यापेक्षा आधी हे तपासावं.

काकांच्या चित्रणाचं सांगायचं राहिलं. मेन रोडवरून गर्द हिरवं सुती कापड आणलं, इस्त्री करून भिंतीला ताणून बसवलं. काका पांढरा सदरा घालून आले. पांढऱ्यावर हिरव्याची झाक सर्वांत जास्त चढते, म्हणून त्यांना कापडापासून सहा-सात फूट पुढे बसवलं आणि कापडावर वेगळा उजेड दिला. बोलायला लागले आणि मी सगळे दिवे विसरले. "अगं, पाणी पायऱ्यांशी थांबेल असं आम्हाला वाटलं. दुकानातल्या फळ्यांवरचा माल आम्ही माळ्यावर चढवला, आणि मग माळ्यावरून पुढे कुठे न्यायचा ते कुणालाच कळेना."

मोबाइल रंगाची माहिती कमी ठेवतो. उजेडाची नोंद प्रत्येक पिक्सेलची, पण रंगाची नोंद चार पिक्सेल मिळून एक. हिरवा रंग काढणारं साधन रंगावरच चालतं, त्यामुळे केसांभोवती आणि चष्म्याच्या दांडीभोवती कड पायऱ्यापायऱ्यांची निघते. यावर सोपा मार्ग आहे. चित्रण फोर-के मध्ये करायचं आणि अर्ध्या मापाला आणायचं. फोर-के मध्ये रंगाची नोंद जितकी असते तितके पिक्सेल १९२० बाय १०८० च्या चित्रात असतात, म्हणजे प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग मिळतो. काकांचे विरळ पांढरे केस त्यामुळे वाचले. हिरवा रंग काढण्यासाठी (याला 'की' काढणं म्हणतात) नाट्रॉनचे की नोड आणि ब्लेंडरचा कीइंग नोड दोन्ही वापरून बघितले. ब्लेंडरच्या बाजूने एक गोष्ट ठरली: कापडावर उजेड कोपऱ्यांत कमी पडला होता, आणि कापडावरच्या ट्रॅक बिंदूंवरून हिरव्याच्या छटांचा नकाशा करून देणारा कीइंग स्क्रीन नावाचा नोड त्यात आहे. त्याच्याबरोबर कापडाबाहेरचा भाग कापायला एक ढोबळ मास्क आणि चष्म्याच्या काचांत दिसणारं हिरवं वाचवायला आतला एक मास्क दिला. सदऱ्यावरची हिरवी झाक डीस्पिलने काढली, पण थोडी ठेवली; पूर्ण काढली की चेहरा गुलाबट होतो.

मुलांना हे दाखवताना एकाने विचारलं की संगणक नव्हता तेव्हा हे कसं करत असतील. त्र्यंबकेश्वरात १८७० मध्ये जन्मलेल्या आणि नाशिकमध्ये राहून चित्रपट काढलेल्या दादासाहेब फाळक्यांनी फिल्म मागे फिरवून तीच फिल्म दुसऱ्यांदा उघडी करत, भिंगासमोर भाग झाकत, दोन चित्रं एकत्र आणली होती. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, शाळेच्या सहलीत सगळ्यांनी बघितलेलं. भिंगासमोरचं झाकण म्हणजेच मास्क, हे सांगितल्यावर नोडच्या चौकटींकडे मुलं वेगळ्या नजरेने बघू लागली.

शेवटी ठरलं ते असं. ट्रॅकिंग, पूररेषा, जवळच्या माणसांचे मास्क आणि काकांचा हिरवा पडदा ब्लेंडरमध्ये. लांबच्या गर्दीचे मास्क, संकलन, आवाज आणि मराठी उपशीर्षकं केडेनलाइव्हमध्ये. संगणक कक्षात सगळ्या यंत्रांवर ब्लेंडरची ४.२ ही दीर्घकालीन आधाराची आवृत्ती ठेवली आहे आणि मुद्दाम नवी घेत नाही, कारण नव्या आवृत्तीत साठवलेली फाइल जुनीत नीट उघडेलच असं नाही. ब्लेंडर बसवावंही लागत नाही, फोल्डर उलगडून थेट चालवता येतं. कक्षातल्या यंत्रांचा पासवर्ड माझ्याकडे नसल्यामुळे ही सोय मोलाची ठरली.

नारोशंकराच्या घंटेचा शॉट अजून बाकी आहे. कॅमेरा तिपाईवर स्थिर आहे, रेषा एकाच भिंतीवर आहे, समोरून जाणारी माणसं तीन-चारच. थ्रीडीची तिथे गरज नाही. सिडकोतल्या त्या विद्यार्थ्याकडे ग्राफिक्स कार्ड नसलेला जुना लॅपटॉप आहे, म्हणून तो शॉट त्याने नाट्रॉनमध्ये करायला घेतला आहे, आणि घंटेच्या साखळीचा मास्क कडी-कडी वेगळी काढून करतो आहे.